काकांच्या चाकूची मूठ

खेड्यातील प्रत्येक घरात एक तरी लहानसा मिटता चाकू असतो. आंबा चिरावा, सुतळी कापावी, मुलांच्या पेन्सिलीला टोक काढावे, अशी त्याची किरकोळ कामे; म्हणूनच तो हरवेपर्यंत त्याच्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. आमचे काका जहाजावर नोकरीस होते. त्यांनी असा एक चाकू फ्रान्समधील मार्सेय बंदरात विकत घेतला होता आणि तो अखेरपर्यंत त्यांच्या खिशात असे. काका देवाघरी गेल्यावर काकूंनी तो आमच्या हवाली केला. त्याची मूठ आमच्या हातून कशी फुटली व पुन्हा कशी घडली, ते आज वाचकांस सांगावयाचे आहे.

हा चाकू ओपिनेल नावाचा. आल्प्स पर्वतातील सावॉय प्रांतात जोझेफ ओपिनेल याने १८९० साली तो प्रथम घडविला आणि १८९७ पर्यंत त्याचे १ ते १२ क्रमांकांचे बारा आकार झाले. आमचा आठव्या क्रमांकाचा. पाते साडेआठ सेंटिमीटर. बांधणी अगदी साधी : मुठीसाठी लाकडाचा एकच तुकडा, त्यात करवतीने पाडलेली खाच, तोंडाशी धातूचे कडे आणि पात्याच्या बुडातून आरपार गेलेला एक खिळा. १९५५ साली मार्सेल ओपिनेल यांनी त्या कड्यावर दुसरे फिरते कडे बसविले. ते फिरविले की उघडे पाते बोटांवर मिटत नाही. ह्या साधेपणामुळेच पुष्कळ हौशी लोक ह्या चाकूची मूठ तासून, कोरून, किंवा समूळ बदलून आपल्या हाताजोगी करून घेतात.

मूळची मूठ असते बीच वृक्षाच्या लाकडाची. ते लाकूड गुळगुळीत व घडविण्यास सोपे, परंतु ओल पिणारे. काका चाकू रोज वापरीत, पुशीत, कोरडा ठेवीत. आम्ही तो कपाटात टाकला. जुलैच्या झडीत खाच फुगली व पात्याला अशी घट्ट बिलगली की नखाने ते निघेना. सावॉयमध्ये अशा वेळी मुठीचे बूड टेबलावर ठोकतात, म्हणजे पाते आपोआप थोडे बाहेर डोकावते. तिकडे त्याला 'सावॉयचा ठोका' असेच म्हणतात. आम्हांस तेव्हा हे ठाऊक नव्हते. सावलीत चार दिवस वाळू देण्याचा धीरही नव्हता. आम्ही पकडीने पाते ओढले आणि मूठ खाचेच्या टोकापासून बुडापर्यंत उभी चिरली.

काकूंना दाखविण्याची आमची छाती होईना. शेवटी दाखविली तेव्हा त्यांनी मुठीच्या एका बाजूवरून हळूच बोट फिरविले व म्हणाल्या, "हा खळगा बघितलास? इथं तुझ्या काकांचा अंगठा बसायचा. हा काही दुकानातून आला नव्हता." खरोखरच तेथे लाकूड झिजून उथळ वाटीसारखे झाले होते. इतकी वर्षे आम्ही ते पाहिलेच नव्हते.

नवी मूठ कशाची करावी? एका स्नेह्याने सांबरशिंग सुचविले. पूर्वी चाकूंना ते सर्रास लावीत. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो मार्ग आता बंद आहे, आणि तो बंद झाला हे आमच्या मते योग्यच झाले. म्हशीच्या शिंगाला ती अडचण नाही. उत्तर प्रदेशातील संभळ येथे शिंगाचे व हाडाचे काम करणारी अनेक घराणी आहेत. फ्रान्समधील लायोल गावचा प्रसिद्ध चाकूही शिंगाच्याच मुठीचा. त्याची गोष्ट आमच्या वाचकांस आवडेल. त्याच्या मुठीत बारीक खिळे ठोकून एक क्रूस काढलेला असतो. गुरेमेंढरे घेऊन महिनोन् महिने डोंगरावर राहणारे, ख्रिस्तमंदिरापासून दूर असलेले मेंढपाळ तो चाकू पावात किंवा जमिनीत उभा रोवीत आणि त्या क्रुसापुढे प्रार्थना करीत, अशी परंपरा तिकडे सांगतात. मात्र शिंगाचा भरीव भाग काय तो टोकाशी, बाकीचे पोकळ. लायोलच्या मुठीला दोन बाजूंस दोन पातळ फळ्या लागतात, म्हणून तेथे शिंग जमते. आमच्या मुठीस अखंड तुकडा हवा होता. शिवाय शिंग ओलीने वाकते व त्याला कीडही लागते.

म्हणून लाकूडच ठरले. शिसव उत्तम, सागही तेलकट असल्यामुळे फारसा फुगत नाही, चिंचेचा गाभा दगडासारखा. आम्ही फणस निवडला. वीणा व मृदंग ज्याचे करतात तेच हे लाकूड. नवे असता पिवळे, पुढे मधासारखे तपकिरी होते. पहिला तुकडा नुकत्याच पाडलेल्या झाडाचा घेतला आणि मार्चच्या उन्हात तो तडकला. मग सुतारबुवांनी एका मोडक्या खाटेचा पाय दिला. तो बहुधा आमच्याहून वयाने वडील होता, आणि तसूभरही हलला नाही.

बाहेरचे कडे चिमट्याने फाकवून काढले, खिळ्याचे डोके कानशीने घासून तो ठोकून काढला, की पाते व आतले कडे मोकळे होते. खाच पाडणे हेच खरे जोखमीचे काम. उथळ झाली तर धार तळाला आपटून बोथट होते. खोल झाली तर मुठीची पाठ पातळ राहते. खाच पात्याहून केसभर रुंद ठेवली, कारण पावसाळा पुन्हा येणारच होता. जुन्या मुठीवर ओले मेण दाबून अंगठ्याच्या खळग्याचा ठसा घेतला व तो लावून लावून नव्या मुठीत तसाच खळगा कोरला. ह्या एका खळग्याला तीन संध्याकाळ लागल्या. घासताना नाकातोंडावर फडके बांधावे. शेवटी जवसाच्या तेलाचे पातळ हात दिले, खाचेच्या आतसुद्धा, आणि प्रत्येक हात पुरता वाळू दिला. त्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप पेट घेतात. पसरून वाळवावीत.

काकूंनी चाकू हातात घेतला, अंगठा खळग्यात ठेवला आणि काही न बोलता परडीतील आंबा उचलला. यंदाच्या पावसात पाते एकदा किंचित अडले. बूड टेबलावर ठोकले, निघाले. जुनी चिरलेली मूठ त्यांच्या प्रार्थनापुस्तकाशेजारी आहे.