एअरकूल्ड इंजिने आणि उद्यमनगर

इंजिनाचा विचार करताना अश्वशक्तीचा हिशेब आधी मांडणारे आणि उष्णतेचा हिशेब आधी मांडणारे असे दोन पंथ आमच्या क्षेत्रात पूर्वापार चालत आले असून प्रस्तुत लेखक दुसऱ्या पंथाचा कट्टर अनुयायी आहे, हे वाचकांनी आरंभीच ध्यानात घ्यावे. निःपक्षपातीपणाची अपेक्षा ठेवणाऱ्यांची पुढील आढाव्यात निराशा होण्याचा संभव आहे.

हवेने थंड होणाऱ्या इंजिनांच्या मोटारींपैकी अमेरिकेची फ्रँकलिन, झेकांची टाट्रा, इटलीची चिमुकली फियाट ५०० यांचा इतिहास सर्वश्रुत आहे. तो पुन्हा उगाळण्यात हशील नाही. पोर्शेची ९१७ मात्र ओलांडून जाता येत नाही. हान्स मेत्झगर यांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेले बारा सिलिंडरांचे ते इंजिन, माथ्यावर आडवा फिरणारा भला थोरला पंखा मिरवीत, १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन वर्षे ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत विजयी झाले, आणि हवेने थंड होणारे इंजिन म्हणजे गरिबाची तडजोड, हा समज कायमचा निकालात निघाला. पुढे १९९८ मध्ये खुद्द पोर्शेने ९११ मधून हे तंत्र निवृत्त केले, त्याचे दुःख येथे विस्ताराने सांगत नाही.

आम्हां सामान्यांचा संबंध आला तो फोक्सवागनच्या बीटलशी. तिच्या थोरल्या इंजिनाचा बोअर ८५.५ मिलिमीटर, स्ट्रोक ६९, आणि आकारमान १५८४ सीसी. ते जोरदार करावयाचे तर क्रँक तोच ठेवून बोअर वाढविणे हा राजमार्ग. पण कोठवर वाढवावा, यावरच सारा वाद आहे. ९०.५ केल्यास १७७६ सीसी मिळतात, ९२ केल्यास १८३५. या एकोणसाठ सीसींच्या मोहाने भल्याभल्यांची मती गुंग झालेली मी पाहिली आहे. ९२ चा सिलिंडर बाहेरून ९०.५ च्याच मापाचा असल्यामुळे त्याची भिंत पातळ पडते. ती तापली की वाकते, रिंगांची पकड सुटते, आणि मालक धुराचा लोट मागे सोडीत गॅरेजच्या दारी परत येतो. तरीही ‘मोठे तेच चांगले’ असा हेका धरणारे काही विद्वान आजही आहेत. त्यांची नावे घेण्याचे प्रयोजन नाही. त्यांची इंजिने त्यांच्यावतीने पुरेशी बोलतात.

खरे मर्म हवेच्या वाटेत आहे. जुन्या बीटलमध्ये तेलाचा कूलर पंख्याच्या आवरणातच, तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेवर उभा असे. परिणामी त्या सिलिंडरला उष्ण हवा मिळे आणि त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सर्वांत आधी दगा देई. १९७१ च्या मॉडेलपासून कारखान्यानेच तो कूलर मागे सरकवून त्यास स्वतंत्र वाट दिली. म्हणून मी सांगत आलो आहे की, जोड कार्बोरेटर आणि नवा कॅमशाफ्ट यांवर पैसा उधळण्यापूर्वी कूलर बदलावा. इंजिनात तेल अवघे अडीच लिटर असून गाळणीवाचून दुसरा फिल्टर नाही, तेव्हा खरा फिल्टर बसवावा. आणि सिलिंडरांभोवतीचे पत्रे, जे हौशी मंडळी शोभेत व्यत्यय येतो म्हणून काढून फेकतात, ते सर्व जागच्या जागी लावावेत. ते पत्रेच हवेला सिलिंडरांवरील पातळ पात्यांमधून, म्हणजे फिन्समधून, जावयास भाग पाडतात.

या विद्येचे आमच्या कोल्हापुरास अगत्य का, याचे उत्तर शिवाजी उद्यमनगरात आहे. शेतीच्या ऑइल इंजिनांनी येथल्या फाउंड्रीला हात दिला आणि त्या हाताने पुढे काय ओतले नाही! बीटलचा प्रत्येक सिलिंडर बिडाचा, सुटा आणि फिन्सचा. म्हणजे ओतकाराची कसोटीच. रेतीच्या साच्यात वितळलेले बीड पातळ फिनच्या टोकापर्यंत पोहोचण्याआधी थिजले तर सगळे काम भंगारात. माझे गुरू असलेले एक वृद्ध मेस्त्री साच्याजवळ उभे राहून रसाच्या रंगावरून ओतण्याची वेळ मुक्रर करीत, आणि टॅपेटची ०.१५ मिलिमीटरची फट इंजिन पूर्ण थंड झाल्याखेरीज कोणालाही मोजू देत नसत. मालक मोठा हुद्देदार असला तरी त्यास बाकावर बसवून ठेवीत.

याच मुलखात इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ मध्ये ‘मीरा’ मोटारीचा पहिला नमुना उभा केला. इंजिन मागे ठेवलेली ही लहान गाडी पुढे सुधारत नेऊन बारा हजार रुपयांत लोकांस द्यावी, असा त्यांचा मनसुबा होता. परंतु परवान्यांच्या अमदानीत तो सिद्धीस गेला नाही. मोटार घडविण्याची धमक या जिल्ह्यात होती, एवढे तरी त्यावरून मान्य व्हावे.

आज शिरोली व गोकुळ शिरगावच्या वसाहतींतून देशोदेशीच्या कारखान्यांस सुटे भाग रवाना होतात, याचा अभिमान मलाही आहे. पण संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या त्या यंत्रांपाशी उभा असलेला तरुण जुने इंजिन उघडून त्याच्या पिस्टनच्या माथ्यावरील काजळीचा अर्थ लावू शकत नाही, आणि त्याला ते शिकविण्याची तजवीज कोणी केलेली नाही. ज्यांच्या परड्यात बीटलचा मॅग्नेशियमचा क्रँककेस पडून असेल, त्यांनी तो भंगारवाल्यास तोलून देऊ नये; उद्यमनगरातील एखाद्या जुन्या मेस्त्रीला आधी दाखवावा आणि सोबत घरातले एखादे शिकाऊ पोर न्यावे.