तंबूविना मुक्काम

ज्या पवनेचे पाणी रावेतच्या बंधाऱ्यावरून उचलून पिंपरी-चिंचवडला पुरविले जाते, तिच्याच वरच्या अंगाला, धरणाच्या काठी, हिवाळ्यातील शनिवार-रविवारी तंबूंच्या रांगा लागतात. आपल्या समाजातील तरुणही आता सहकुटुंब तेथे जातात आणि पहिला प्रश्न विचारतात : तंबू कोणता घ्यावा?

वास्तविक तंबूची गरज फारच थोड्यांना असते. छ'री पालित संघाच्या सहा नियमांत ‘भूमिसंथारी’ हा एक आहे. आज त्या संघांसाठीही तंबूंची नगरे उभी राहतात, हे निराळे. परंतु ज्याने पौषधात एका संथारियावर रात्र काढली आहे, त्याला हलके अंथरूण शिकवावे लागत नाही.

बाजारातील दोन-तीन माणसांचा साधा तंबू अडीच-तीन किलो भरतो. त्याऐवजी पातळ नायलॉनची, तीन मीटर लांब-रुंद ताडपत्री दोरी-खुंट्यांसह किलोच्या आत बसते. दोन झाडांमध्ये दोरी ताणून ती तिच्यावर टाकावी आणि वाऱ्याकडची कड जमिनीलगत बांधावी. वारा खेळता राहिल्याने आत श्वासाचे दव साचत नाही. शरीराची ऊब खालची जमीन अधिक खाते. म्हणून छपरापेक्षा फोमच्या चटईकडे आधी लक्ष द्यावे.

झोपण्याच्या पिशवीवर चढवायची जलरोधक खोळ आणखी सुटसुटीत. पण आपल्या दमट हवेत ती आतून ओली होते. झुला मोहक खरा, मात्र पाठीला गार वारा लागतो. आणि तो बारीक दोरीने बांधल्यास झाडाची साल कापली जाते. दोन बोटे रुंद पट्टाच वापरावा.

मच्छरदाणी मात्र टाळू नये. धुराची अगरबत्ती जाळण्यापेक्षा जाळीने जीव आणि आपण, दोघेही वाचतो. अंथरण्यापूर्वी जमीन, निजण्यापूर्वी पांघरूण आणि सकाळी बूट हळुवार पाहावेत. पडिलेहणाचा हा संस्कार विंचवापासूनही राखतो. चौविहार असल्याने शेगडी-भांड्यांचे ओझे घरीच राहते.

जागा निवडताना लोहगडाचा मोह आवरावा. तो केंद्र-संरक्षित आहे, 2025 पासून जागतिक वारशातही आहे. सूर्यास्तानंतर तेथे थांबता येत नाही. गडाखालच्या गावात विचारून अंगण मिळवावे. दिवसा मावळातीलच पाले येथील लेणे अवश्य पाहावे. अर्हतांना वंदन करून सुरू होणारा तेथील ब्राह्मी शिलालेख सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. भदंत इंद्ररक्षिताने लेणे आणि पाण्याची पोढी कोरविल्याची त्यात नोंद आहे. छप्पर आणि पाणी, मुक्कामाला त्यांनी एवढेच पुरेसे मानले होते!

पावसाळ्यात यांतले काहीही लहान मुलांसह करू नये. पहिली रात्र तर सोसायटीच्या गच्चीवरच काढावी. दोरी कोठे सैल पडते आणि मध्यरात्री कोणाला थंडी वाजते, हे तेथेच कळते.