अभियांत्रिकी सॉफ्टवेअर कंपनीतील कर्मचारी-वार्ता : स्वरूप, महत्त्व आणि नांदेड-लातूरच्या अभियंत्यांचे हित

प्रस्तावना :

माहिती तंत्रज्ञान उद्योगाची चर्चा करताना इमारती, संगणक आणि निर्यातीचे आकडे यांचा उल्लेख प्रामुख्याने केला जातो. परंतु या उद्योगाचे खरे भांडवल मनुष्यबळ हेच आहे. कारखान्यातील यंत्र संध्याकाळी कारखान्यातच राहते. सॉफ्टवेअर कंपनीचे भांडवल मात्र संध्याकाळी घरी जाते आणि एखाद्या दिवशी राजीनामा देऊन कायमचे निघून जाते. म्हणूनच कोण रुजू झाले, कोणाची बदली अथवा पदोन्नती झाली, कोण सेवा सोडून गेले आणि कोणता गट कोणत्या कामावर नेमला गेला, ही वरवर किरकोळ वाटणारी वार्ता प्रत्यक्षात अशा कंपनीच्या कारभाराचा महत्त्वाचा भाग असते.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांशी या विषयाचा निकटचा संबंध आहे. नांदेडजवळील विष्णुपुरी येथे १९८१ साली श्री गुरु गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. लातूर येथे १९८३ साली एम. एस. बिडवे अभियांत्रिकी महाविद्यालयाची स्थापना झाली. १९९४ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ अस्तित्वात आले. या शिक्षणसंस्थांमुळे ग्रामीण मराठवाड्यातील मुला-मुलींना अभियांत्रिकीचे दार उघडे झाले. परंतु संगणकाधारित अभियांत्रिकीचा रोजगार मुख्यतः पुणे, हैदराबाद आणि बंगळुरू येथेच एकवटला. नांदेडहून लातूरमार्गे पुण्याला जाणाऱ्या रेल्वेने आणि रात्रीच्या खासगी बसने नोकरीसाठी जाणारा तरुण ज्या कंपनीत पाऊल ठेवतो, त्या कंपनीतील घडामोडींचा परिणाम गावाकडील शैक्षणिक कर्जाच्या हप्त्यापर्यंत पोहोचतो.

उद्दिष्टे :

१. कर्मचारी-वार्ता या संकल्पनेचे स्वरूप स्पष्ट करणे.
२. अभियांत्रिकी सॉफ्टवेअर क्षेत्रात तिला विशेष महत्त्व का आहे, याचे विवेचन करणे.
३. पुण्यातील कंपन्यांची उदाहरणे आणि कायद्यातील तरतुदी यांच्या आधारे नांदेड-लातूरच्या अभियंत्यांचे हित विचारात घेणे.

कर्मचारी-वार्ता : संकल्पना आणि परंपरा

उद्योगसंस्थेने आपल्या माणसांविषयी आपल्याच माणसांना नियमितपणे दिलेली माहिती म्हणजे कर्मचारी-वार्ता होय. नियुक्ती, बदली, पदोन्नती, निवृत्ती, राजीनामा, गटांची पुनर्रचना, पुरस्कार आणि प्रशिक्षण हे तिचे प्रमुख विषय आहेत. गृहपत्रिका, सूचनाफलक, परिपत्रक, ई-मेल आणि अंतर्गत संकेतस्थळ ही तिची साधने आहेत.

महाराष्ट्राला उद्योगसंस्थेच्या नियतकालिकाची परंपरा नवीन नाही. किर्लोस्करवाडी येथून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र निघाले. कारखान्याची माहिती देणाऱ्या या पत्राचे पुढे ‘किर्लोस्कर’ या मासिकात रूपांतर झाले आणि ते मराठी घराघरांत पोहोचले. उद्योगसंस्थेने केवळ माल विकू नये, तर आपल्या लोकांशी बोलावेही, हा विचार मराठी भूमीत शतकापूर्वीच रुजला होता. सॉफ्टवेअर उद्योगाने साधन बदलले; गरज मात्र कायम राहिली.

अभियांत्रिकी सॉफ्टवेअरचे वेगळेपण

अभियांत्रिकी सॉफ्टवेअर म्हणजे यंत्रभागाचा आराखडा संगणकावर तयार करणे, त्यावर येणारा ताण, उष्णता वा कंप यांचे विश्लेषण करणे, तो भाग यंत्रावर कापण्याचा मार्ग ठरविणे आणि या सर्व माहितीची आवृत्तीनिहाय नोंद ठेवणे यांसाठीच्या प्रणाली. कॅड, सीएई, कॅम आणि पीएलएम या नावांनी त्या ओळखल्या जातात. मोटारींमध्ये बसविलेल्या संगणकीय नियंत्रकांचे सॉफ्टवेअर हाही या क्षेत्राचा मोठा भाग आहे.

या प्रणालींचे आयुष्य दीर्घ असते. एखाद्या मोटारीचा आराखडा आज तयार झाला, तरी तिचे सुटे भाग पुढील अनेक वर्षे बनवावे लागतात. म्हणून जुन्या फाइली नव्या आवृत्तीतही अचूक उघडाव्या लागतात. दोन वक्र पृष्ठभाग कोठे छेदतात, हे ठरविताना किती सूक्ष्म फरक दुर्लक्षित करावयाचा, असा एखादा निर्णय पंधरा वर्षांपूर्वी कोणी तरी घेतलेला असतो. तो निर्णय प्रोग्राममध्ये दिसतो. त्यामागील कारण बहुधा त्या व्यक्तीच्या डोक्यातच असते.

डॅनिश संगणकतज्ज्ञ पीटर नाऊर यांनी १९८५ मध्ये हाच मुद्दा मांडला. प्रोग्राम म्हणजे केवळ लिहिलेल्या ओळी नव्हेत, तर तो लिहिणाऱ्यांच्या मनात तयार झालेली त्या समस्येची समज होय; तो गट विखुरला की प्रोग्राम चालत असला तरी त्याचा प्राण जातो, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार आहे. फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच दाखवून दिले होते की, रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पावर नवी माणसे वाढविल्यास तो आणखी रखडतो. कारण नव्यांना शिकविण्यात जुन्यांचा वेळ जातो. या दोन्ही विचारांचा अर्थ एकच आहे. अशा कंपनीत माणूस बदलणे म्हणजे ज्ञानाचा पत्ता बदलणे होय आणि तो नवा पत्ता सर्वांना कळविणे हे कर्मचारी-वार्तेचे खरे काम आहे.

पुण्यातील दोन उदाहरणे

जिओमेट्रिक : गोदरेज समूहातून १९९४ मध्ये जिओमेट्रिक ही अभियांत्रिकी सॉफ्टवेअर कंपनी उदयास आली. कॅमवर्क्स आणि डीएफएमप्रो या तिच्या प्रणाली होत्या व पुण्यात तिचे मोठे केंद्र होते. फ्रान्सच्या दासो सिस्टिम्सबरोबर तिने २००२ मध्ये थ्रीडीपीएलएम ही संयुक्त कंपनी स्थापन केली. एप्रिल २०१६ मध्ये एचसीएल टेक्नॉलॉजीजने जिओमेट्रिकचा व्यवसाय घेण्याची घोषणा केली आणि २०१७ मध्ये ती प्रक्रिया पूर्ण झाली. थ्रीडीपीएलएम मात्र दासो सिस्टिम्सकडे गेली. भागधारकांना त्यांच्या समभागांच्या बदल्यात काय मिळणार, हे घोषणेच्या दिवशीच नेमक्या प्रमाणात सांगितले गेले. अशा वेळी कर्मचाऱ्याच्या मनातील प्रश्न वेगळे असतात. माझा गट टिकेल काय, माझा वरिष्ठ कोण, माझी सेवा सलग धरली जाईल काय, या प्रश्नांची उत्तरे शेअर बाजाराला दिलेल्या निवेदनातून मिळत नाहीत. ती अंतर्गत वार्तेतूनच मिळावी लागतात.

केपीआयटी : १९९० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या केपीआयटीचे २००२ मध्ये कमिन्स इन्फोटेकशी एकत्रीकरण झाले आणि २०१३ मध्ये तिला केपीआयटी टेक्नॉलॉजीज हे नाव मिळाले. जानेवारी २०१८ मध्ये बिर्लासॉफ्टबरोबर विलीनीकरण आणि त्यानंतर विभाजन अशी योजना जाहीर झाली. जानेवारी २०१९ मध्ये ती अमलात आली. व्यावसायिक माहिती तंत्रज्ञानाचे काम बिर्लासॉफ्टमध्ये एकत्र झाले, तर वाहन अभियांत्रिकीचे काम स्वतंत्र कंपनीकडे गेले. ही नवी कंपनी एप्रिल २०१९ मध्ये शेअर बाजारात नोंदली गेली.

येथे एक लक्षणीय बाब घडली. जुन्या नोंदणीकृत कंपनीचे नाव बदलून बिर्लासॉफ्ट झाले आणि अभियांत्रिकीसाठी निर्माण केलेल्या नव्या कंपनीला केपीआयटी टेक्नॉलॉजीज हे जुने नाव मिळाले. म्हणजेच अभियांत्रिकी विभागातील कर्मचाऱ्याच्या ओळखपत्रावरील नाव तेच राहिले, पण कायद्याच्या दृष्टीने त्याची नियोक्ता कंपनी बदलली. दुसऱ्या विभागातील कर्मचाऱ्याची कंपनी कायद्याने तीच राहिली, पण तिचे नाव बदलले.

हा भेद केवळ कागदोपत्री नाही. भविष्यनिर्वाह निधीत २०१४ पासून प्रत्येक सदस्याला एकच सार्वत्रिक खाते क्रमांक असला, तरी नियोक्ता बदलल्यास त्याखाली नवी सदस्य-नोंद निर्माण होते आणि आधीची सेवा संपल्याची तारीख नोंदलेली नसेल तर रक्कम हस्तांतरित होण्यात अडचण येते. उपदानासाठी कायम कर्मचाऱ्याला सर्वसाधारणपणे पाच वर्षांची सलग सेवा आवश्यक असते. म्हणून सेवेतील सातत्याचा लेखी उल्लेख मोलाचा ठरतो. अनुभव प्रमाणपत्र, प्राप्तिकराचा फॉर्म १६ आणि गृहकर्जाचा अर्ज यांवरील नियोक्त्याचे नाव परस्परांशी जुळावे लागते. नांदेड वा लातूरहून आलेल्या आणि घरातील पहिलाच पगारदार असलेल्या तरुणाला या गोष्टी समजावून सांगणारे घरी सहसा कोणी नसते. त्याच्यासाठी कंपनीचे स्पष्ट परिपत्रक हाच वडीलधारा सल्ला असतो.

कायद्याची चौकट

कर्मचाऱ्यांविषयीची काही माहिती जाहीर करणे कंपन्यांना कायद्याने बंधनकारक आहे. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम २०३ मध्ये प्रमुख व्यवस्थापकीय पदांच्या नियुक्तीची तरतूद आहे. कलम १९७(१२) व त्याखालील नियमांनुसार नोंदणीकृत कंपनीने संचालकांचे वेतन आणि कर्मचाऱ्यांचे मध्यक वेतन यांचे गुणोत्तर, तसेच कायम कर्मचाऱ्यांची संख्या संचालक मंडळाच्या अहवालात द्यावी लागते. सेबीच्या २०१५ च्या नोंदणीविषयक विनियमांतील विनियम ३० नुसार संचालक व प्रमुख व्यवस्थापकीय अधिकारी यांच्यातील बदल शेअर बाजाराला कळवावे लागतात. २०२३ च्या दुरुस्तीने वरिष्ठ व्यवस्थापनाचाही त्यात समावेश झाला. असा बदल १२ तासांत आणि राजीनामा असल्यास २४ तासांत कळवावयाचा असतो. राजीनाम्याचे पत्र तो अमलात आल्यापासून सात दिवसांत सादर करावयाचे असते. बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून व्यवसाय उत्तरदायित्व व शाश्वतता अहवालात कर्मचाऱ्यांची लिंगनिहाय संख्या आणि सेवा सोडण्याचे प्रमाण द्यावे लागते. पुण्याच्या हिंजवडी येथे मुख्यालय असलेली टाटा टेक्नॉलॉजीज नोव्हेंबर २०२३ मध्ये शेअर बाजारात आल्यानंतर तिलाही हे सूचीबद्धतेचे नियम लागू झाले.

या तरतुदींची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. त्या मुख्यतः गुंतवणूकदारासाठी आहेत आणि त्यांचा रोख शिखरस्थ पदांवर आहे. मुख्य वित्त अधिकारी बदलला तर ते २४ तासांच्या आत देशभर कळते. परंतु एखाद्या प्रणालीचा गाभा ज्याला ठाऊक आहे असा गटप्रमुख सेवा सोडून गेला, तर ते कोणाला कळविण्याचे बंधन नाही. कामाच्या दृष्टीने मात्र दुसरी घटना अधिक गंभीर असू शकते. ही उणीव अंतर्गत कर्मचारी-वार्तेनेच भरून काढावयाची असते.

काय सांगावे, काय सांगू नये

उपयुक्त वार्तेत किमान पाच बाबी असाव्यात : व्यक्ती कोण, काम कोणते, बदल कोणत्या तारखेपासून, काम कोणाकडे सोपविले आणि संबंधित नोंदी कोठे मिळतील. ‘अमुक यांनी कंपनीच्या प्रगतीत मोलाचा वाटा उचलला, त्यांना पुढील वाटचालीस शुभेच्छा’ या वाक्यात सौजन्य आहे, परंतु माहिती नाही. ‘मेशिंगच्या विभागाचे काम १ तारखेपासून अमुक पाहतील, जुन्या त्रुटींची यादी अमुक ठिकाणी आहे’ या एका वाक्याने अनेकांचे श्रम वाचतात.

अनेक गृहपत्रिकांत आगमनाचे स्वागत ठळकपणे छापले जाते आणि निर्गमनाविषयी मौन पाळले जाते. अधिकृत वार्ता गप्प राहिली की अफवा बोलू लागते. चहाच्या टपरीवर अर्धवट माहिती पसरते आणि नवखा कर्मचारी घाईने नोकरी बदलण्याचा निर्णय घेतो. जाणाऱ्याची बातमी येणाऱ्याच्या बातमीइतक्याच सरळपणे देणे, हे व्यवस्थापनाच्या विश्वासार्हतेचे लक्षण आहे.

त्याचबरोबर काही गोष्टी गोपनीय राहिल्या पाहिजेत. कार्यस्थळी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या अधिनियमातील कलम १६ नुसार तक्रारदार, प्रतिवादी व साक्षीदार यांची ओळख आणि चौकशीचा तपशील प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक माहितीच्या वापराबाबतही कंपनीवर जबाबदारी टाकण्याची तरतूद आहे. आजारपण, कौटुंबिक अडचण अथवा रजेचे कारण हा वार्तेचा विषय नव्हे. कामाविषयी पूर्ण बोलावे आणि खासगी आयुष्याविषयी मौन पाळावे, हे तत्त्व येथे उपयोगी पडते.

नांदेड-लातूरच्या दृष्टीने विचार

लातूरच्या शैक्षणिक पॅटर्नमुळे गुणवंतांच्या याद्या आणि छायाचित्रे झळकविण्याची प्रथा या भागात सर्वपरिचित आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयेही निवड झालेल्या विद्यार्थ्यांचे फलक लावतात. ही प्रथा उत्साहवर्धक असली, तरी तीही एकतर्फी वार्ताच आहे. विद्यार्थी कोणत्या कंपनीत गेला हे फलक सांगतो. तीन वर्षांनी तो कोणत्या कामावर आहे, कोणते कौशल्य कमी पडले, कंपनी विभागली गेली तेव्हा त्याचे काय झाले, हे सांगत नाही. महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थी संघाने अशी माहिती संबंधितांच्या संमतीने व नावाविना संकलित केल्यास पुढील तुकड्यांना खरे मार्गदर्शन मिळू शकेल.

विद्यार्थ्यांनाही वार्ता वाचण्याची सवय लावणे आवश्यक आहे. मुलाखतीपूर्वी कंपनीच्या वार्षिक अहवालातील कायम कर्मचाऱ्यांची संख्या, सेवा सोडण्याचे प्रमाण आणि वरिष्ठ पदांवरील बदल पाहिल्यास कंपनीच्या प्रकृतीचा अंदाज येतो. नोंदणीकृत कंपन्यांची ही माहिती विनामूल्य उपलब्ध असते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजी परिपत्रकाची कायदेशीर भाषा अवघड जाते; म्हणून नियोक्ता, हस्तांतरण, सेवासातत्य, परिवीक्षा, सूचना-कालावधी या संज्ञांचा परिचय अंतिम वर्षातच करून देणे हितकारक ठरेल.

निष्कर्ष :

१. अभियांत्रिकी सॉफ्टवेअर कंपनीतील ज्ञान मोठ्या प्रमाणात व्यक्तिनिष्ठ असल्याने कर्मचारी-वार्ता हा ज्ञान-हस्तांतरणाचा दस्तऐवज ठरतो.
२. कायद्याने बंधनकारक केलेली माहिती मुख्यतः गुंतवणूकदाराभिमुख आहे. कर्मचाऱ्यांच्या गरजा अंतर्गत वार्तेनेच भागविल्या पाहिजेत.
३. विलीनीकरण व विभाजन यांच्या वेळी नियोक्ता कोण आणि सेवासातत्य कसे, हे लेखी व सुबोध भाषेत सांगणे अत्यावश्यक आहे.
४. नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांनी निवडीच्या फलकापुढे जाऊन माजी विद्यार्थ्यांच्या वाटचालीची नोंद ठेवणे उपयुक्त आहे.

समारोप :

कर्मचारी-वार्तेकडे वाढदिवसाच्या शुभेच्छांचे पान म्हणून पाहणे योग्य नाही. आज कोणाला काय ठाऊक आहे आणि उद्या ते कोणाला विचारावयाचे, याची ती नोंदवही आहे. ही नोंदवही प्रामाणिकपणे लिहिली गेली, तर कंपनीचे काम अडत नाही आणि घरापासून दूर, परक्या शहरात काम करणाऱ्या मराठवाड्यातील तरुण अभियंत्याला आपल्या पायाखालची जमीन किती पक्की आहे, हे वेळेवर कळते.