दोन पेट्यांचा दाब

पोर्शे ९११ जीटी३ आरएस. नाव लांबलचक, आणि पाठीवर जेवणाच्या टेबलाएवढा पंख. विमानाचा पंख विमानाला वर उचलतो, हा गाडीला खाली दाबतो. ताशी २८५ किलोमीटर वेगाला वारा या गाडीला तब्बल ८६० किलोंच्या जोरानं रस्त्यावर दाबून धरतो. टपावर अख्खी अल्टो चढवल्यासारखं! गंमत अशी की खरी अल्टो चढवली असती, तर वळणावर तिचंही वजन ओढत न्यावं लागलं असतं. वाऱ्याच्या दाबाला असं वजन नसतं. तो टायर दाबतो, पण वळणावर जादा ओझं ओढायला लावत नाही.

आता ही गाडी रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या रस्त्यावर आणू. वेग निम्मा झाला की हा दाब निम्मा नव्हे, पाव होतो. ताशी २०० ला कंपनी ४०९ किलो सांगते. म्हणजे १०० ला साधारण १०२ आणि आपल्या ५० ला पंचवीसेक किलो. ढोबळ हिशेब आहे, पण पंचवीस किलो म्हणजे हापूसच्या चार डझनी दोन पेट्या. कोट्यवधींच्या गाडीचा पंख गणपतीपुळ्याच्या वाटेवर एवढंच काम करतो.

बरं, त्या खऱ्या दोन पेट्या न्यायच्या म्हटल्या तर ठेवणार कुठं? इंजिन मागं, मागची सीट नाहीच, आणि पुढच्या डिकीची जागा रेडिएटरनं खाल्लेली.

पावसाळ्यात तर आणखी मजा. तिचा मागचा टायर ३३५ मिलिमीटर रुंद. रस्त्यावर दोन मिलिमीटर पाणी आणि वेग ६० धरला, तर त्या एका टायरला दर सेकंदाला ११ लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. सेकंदाला एक कळशी! साध्या छोट्या गाडीच्या १६५ मिलिमीटरच्या टायरला अर्ध्या कळशीत भागतं. त्यात ट्रॅकच्या टायरला खाचा कमी, आणि त्याचं रबर तापल्याशिवाय चिकटत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या रत्नागिरीत ते तापणार कधी? पाणी सरलं नाही की टायर त्यावर तरंगतो, स्टिअरिंग एकदम हलकं होतं आणि पोटात गोळा येतो.

आणि अशा गाडीला आडव्या येणाऱ्या गतिरोधकांचं काय सांगावं! नियमातला गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे सावकाश चढावा-उतरावा असा. आपल्याकडचे काही रातोरात उगवतात आणि त्यांना रुंदी ठाऊक नसते.

तर हौशी माणसानं काय करावं? माझं मत विचाराल तर आपल्या साध्या गाडीनं आंबा घाट चढून कोल्हापूर गाठावं. तिथं मोहितेंचा कार्टिंगचा ट्रॅक आहे. कार्टमध्ये बसावं. कार्टला स्प्रिंग नाही, शॉकॲब्सॉर्बर नाही, डिफरन्शियलही नाही. मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर, म्हणून सारख्याच वेगानं फिरणार. पण वळणावर बाहेरच्या चाकाला वाट जास्त असते. मग कार्ट वळतं कसं? स्टिअरिंग वळवलं की पुढचं आतलं चाक खाली रेटलं जातं, लोखंडी सांगाडा पिळवटतो आणि मागचं आतलं चाक चक्क उचललं जातं. किंचितच. कठड्याशी वाकून बघितलं, तर ते चाक आणि डांबर यांच्यामधून क्षणभर पलीकडचा उजेड दिसतो.