गप्प मूल आणि वर्गनिरीक्षण

खकनार हा बुऱ्हाणपूर जिल्ह्यातला, महाराष्ट्राच्या सीमेला लागलेला भाग. इथल्या प्राथमिक शाळेत पाठ्यपुस्तक हिंदीतले असते. घरी मात्र कोणी कोरकू बोलते, कोणी निमाडी, कोणी मराठी. अशा वर्गात एखादे मूल महिनोन्महिने गप्प राहते आणि ‘याचे लक्ष नसते’ असा शेरा त्याला चिकटतो. तो शेरा खरा आहे का, हे पाहण्याचा साधा मार्ग म्हणजे वर्गनिरीक्षण.

निरीक्षण म्हणजे तपासणी नव्हे. तपासणीत शिक्षकाच्या चुका शोधल्या जातात; निरीक्षणात मूल काय करते ते पाहिले जाते. मराठीतला याचा मोठा दाखला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचा. १९४५ साली बोर्डीला सुरू झालेले त्यांचे बालशिक्षणाचे काम १९५७ मध्ये कोसबाडला, वारली मुलांमध्ये गेले. मुले शाळेत का येत नाहीत, हे त्यांनी मुलांच्या दिनक्रमात शोधले. मुले गुरे राखत होती, धाकटी भावंडे सांभाळत होती. म्हणून शाळाच कुरणावर नेली आणि भावंडांसाठी शाळेला पाळणाघर जोडले. आधी पाहणे, मग उपाय, हा क्रम त्यांनी सोडला नाही.

आपल्या वर्गात हे कसे करावे? एका कागदावर मुलांच्या बसण्याचा नकाशा काढावा. प्रत्येक मुलासाठी एक चौकोन. सहकारी शिक्षकाने मागे बसून पंधरा मिनिटे खुणा कराव्यात: मुलाला प्रश्न विचारला की रेघ, त्याने उत्तर दिले की फुली, त्याने स्वतःहून काही विचारले की गोल. एकशिक्षकी शाळेत शिक्षकाने तास संपताच आठवून खुणा केल्या तरी चालते. बहुधा दिसते ते असे, की काही चौकोन खुणांनी भरतात आणि काही कोरेच राहतात. कोऱ्या चौकोनातल्या मुलाला आपण प्रश्नच विचारला नव्हता, हेही तेव्हाच कळते.

नोंद आणि निष्कर्ष वेगळे ठेवावेत. ‘लक्ष नव्हते’ हा निष्कर्ष झाला. ‘प्रश्नानंतर खाली पाहिले, मग शेजाऱ्याशी कोरकूत बोलला’ ही नोंद. नोंदीतून वाट सापडते; निष्कर्षाने ती बंद होते.

खकनारसारख्या ठिकाणी या गप्पपणाचे मूळ पुष्कळदा भाषेत असते. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. तिच्या व्याकरणात भेद मुख्यतः सजीव आणि निर्जीव असा आहे. हिंदीत दोन लिंगे, मराठीत तीन. मराठी मुलाचीही अडचण होतेच. ‘आवाज’ मराठीत पुल्लिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी. उत्तर माहीत असूनही वाक्यात लिंग चुकते, वर्ग हसतो आणि मूल पुढच्या वेळी तोंड उघडत नाही. अशा वेळी वाक्य मध्येच तोडू नये. उत्तर स्वीकारावे आणि तेच वाक्य आपण शुद्ध रूपात सहज उच्चारावे.

दुसरी गोष्ट थांबण्याची. अमेरिकेतील संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. हा अवधी तीन सेकंदांवर नेला तेव्हा उत्तरे लांबली आणि उत्तर न देण्याचे प्रमाण घटले. घरच्या भाषेत विचार करून शाळेच्या भाषेत बोलणाऱ्या मुलाला तर या सेकंदांची गरज अधिक.

एका वेळी एकच बदल करावा. उदाहरणार्थ, उत्तर आधी शेजाऱ्याला घरच्या भाषेत सांगायचे, मग वर्गाला. दोन आठवड्यांनी तोच नकाशा पुन्हा भरावा. कोरे चौकोन भरू लागले तर बदल ठेवावा. नाहीतर दुसरा करून पाहावा. हा कागद कार्यालयाच्या फाइलीत जाऊ नये. तो वर्गासाठी आहे, आणि शिक्षकाला त्याची भीती वाटली तर खुणा खऱ्या राहणार नाहीत.

२०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. ते प्रत्यक्षात येण्यासाठी मुलांचे शब्द आधी ऐकावे लागतील. निरीक्षणाच्या कागदावर मुलांचे असे शब्दही टिपून ठेवावेत. शिक्षकाला त्यांतून पुढचा पाठ मिळेल आणि इथल्या मुलांसाठी लिहू पाहणाऱ्या लेखकाला त्यांची खरी बोली.