कुठला काटा बंद आहे?

मागच्या भागात साध्या क्वार्ट्झ घड्याळाचं गणित पाहिलं. स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंपतो, सर्किट ती संख्या पंधरा वेळा निम्मी करतं आणि सेकंदाला एक ठोका मोटरला पोचवतं. क्रोनोग्राफमध्ये, म्हणजे स्टॉपवॉच असलेल्या घड्याळात, स्फटिक, सर्किट आणि सेल एकेकच असतात. मोटरी मात्र बहुधा एकाहून जास्त. सेकोने १९८३ मध्ये आणलेल्या ७ए२८ या मशीनपासून ही रचना रूढ झाली.

म्हणून ‘घड्याळ बंद पडलं’ एवढ्यावर दुरुस्ती सुरू होत नाही. कुठला काटा बंद आहे?

मधला लांब सेकंदकाटा बाराच्या आकड्यावर थांबलेला असेल, तर बहुतेकदा काहीच बिघडलेलं नसतं. तो स्टॉपवॉचचा काटा. रोजचे सेकंद छोट्या तबकडीत चालतात. तो फिरताना छान दिसतो म्हणून स्टॉपवॉच कायम चालू ठेवणारे हौशी लोक आहेत. त्यांचा सेल लवकर संपतो, आणि त्याचा दोष घड्याळाला मिळतो.

वेळ बरोबर चालते, पण स्टॉपवॉच सुरू करताच सगळं अडखळतं? सेल थकलाय. एक मोटर ओढता येते, दोन झेपत नाहीत. बदलताना सिल्व्हर ऑक्साइडचाच सेल घ्यावा. त्याचा १.५५ व्होल्टचा दाब शेवटपर्यंत जवळजवळ टिकतो. त्याच मापाचा स्वस्त अल्कलाइन सेल बसतो खरा, पण त्याचा दाब हळूहळू घसरत जातो आणि तो गळण्याची भीतीही जास्त.

नवा सेल घालूनही वेळ चालते आणि एकच काटा हलत नाही, तेव्हा तपास सोपा होतो. वेळ चालते म्हणजे स्फटिक ठीक, सेल ठीक. उरतं बटण, त्या काट्याची मोटर आणि तिची चाकं. सेल काढून मल्टिमीटर त्या मोटरच्या कॉइलच्या दोन टोकांना लावावा. आकडा साधारण किलोओममध्ये आला तर कॉइल शाबूत. मीटर काहीच दाखवत नसेल तर तार तुटलीय. ही तार केसाहून बारीक असते, आणि सेल काढताना घसरलेला स्क्रूड्रायव्हर तिचा नेहमीचा वैरी. स्वस्त मशीनमध्ये कॉइल शोधत बसण्यापेक्षा अख्खं मशीन बदललेलं परवडतं.

रीसेट केल्यावर काटा बाराऐवजी अठ्ठावन्नवर थांबतो, हा तर बिघाडही नव्हे. बऱ्याच मशीनांत चावी शेवटच्या खाचेपर्यंत ओढून बटण दाबलं की काटा एकेक पाऊल सरकतो. कुठलं बटण कुठला काटा हलवतं, ते मशीनच्या क्रमांकावरून माहितीपत्रकात सापडतं. सेकोच्या व्हीके मालिकेत मात्र ही युक्ती चालत नाही. तिथे छोटी हातोडी हृदयाच्या आकाराच्या चकतीवर आपटून काटा शून्यावर आणते. काटा चुकला तर तो उपसून पुन्हा बसवावा लागतो.

बटण आत अडकून राहत असेल तर मशीनला हात लावूच नका. घाम आणि मळ साचलाय. बटण काढून स्वच्छ करा, रबरी वॉशर बदला. हाच वॉशर गेला की पाणी शिरतं. त्याबद्दल पुढच्या आठवड्यात.