बोलतात ते तीस सामने

२०१४ च्या एप्रिलमध्ये एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल स्पर्धेचे साखळी सामने संपले, तेव्हा फिनिक्स सन्सच्या खात्यावर ८२ पैकी ४८ विजय होते. हंगामाआधी या संघाला कुणी फारसं हिशेबात धरलं नव्हतं. त्या वर्षी सर्वाधिक प्रगती करणाऱ्या खेळाडूचा पुरस्कारही सन्सच्याच गोरान द्रागिचला मिळाला. एवढं करूनही संघाला घरी बसावं लागलं. त्याच हंगामात अटलांटा हॉक्स मात्र ३८ विजय आणि ४४ पराभवांनिशी बाद फेरीत पोचले. कारण साधं होतं. सन्स पश्चिम कॉन्फरन्समधले, म्हणजे पश्चिमेच्या गटातले, आणि हॉक्स पूर्वेतले. दोन्हीकडे पंधरा-पंधरा संघ आणि दोन्हीकडून आठ-आठच पुढे जाणार. पूर्वेत असते तर ४८ विजयांवर सन्स तिसऱ्या क्रमांकाच्या बरोबरीला बसले असते.

मग त्या वर्षी पश्चिम पूर्वेपेक्षा नेमकी किती बलवान होती? हे मोजायला बसलं की या स्पर्धेच्या वेळापत्रकात दडलेलं एक सुंदर गणित उलगडत जातं.

प्रत्येक संघ ८२ पैकी ५२ सामने आपल्याच कॉन्फरन्सच्या संघांशी खेळतो. या ५२ सामन्यांत जिंकणारा घरचा आणि हरणाराही घरचाच. त्यामुळे पंधराही संघांची बेरीज केली की विजय आणि पराभव बरोबरीत सुटतात. सरासरी निघते २६ विजय, २६ पराभव. पंधराही संघांत एकेक मायकल जॉर्डन असो, नाहीतर सगळे नवखे असोत, २६ चा आकडा तसूभरही हलत नाही. म्हणजे ज्या सामन्यांनी हंगामाचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग व्यापलेला असतो, ते कॉन्फरन्सच्या ताकदीबद्दल अवाक्षरही काढत नाहीत. दोन शाळांतल्या पहिल्या नंबरांची तुलना शाळेच्या परीक्षांवरून करता येत नाही, त्यासाठी बोर्डाची परीक्षा लागते, तसंच हे.

ही बोर्डाची परीक्षा म्हणजे उरलेले ३० सामने. पूर्वेचा प्रत्येक संघ पश्चिमेच्या प्रत्येक संघाशी दोनदा खेळतो, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्याच्या. पंधरा गुणिले पंधरा गुणिले दोन, एकूण ४५० सामने. कुणाची गाठ कुणाशी पडली, यात नशिबाचा भाग नाही. घरच्या प्रेक्षकांचा फायदाही दोन्ही बाजूंना सारखाच. प्रयोग मुद्दाम आखायचा म्हटलं, तरी इतका नेटका आखता येणं अवघड.

२०१३-१४ मध्ये या ४५० पैकी पश्चिमेनं २८४ जिंकले आणि पूर्वेनं १६६. म्हणजे पश्चिमेच्या सरासरी संघाला ३० पैकी जवळपास १९ विजय मिळाले आणि पूर्वेच्या संघाला जेमतेम ११. घरचे २६ मिळवले की पश्चिमेची सरासरी ४५ च्या आसपास जाते आणि पूर्वेची ३७ वर राहते. सन्स आणि हॉक्स यांच्यातलं कोडं इथंच सुटू लागतं.

तरी शंका उरते : हा योगायोग तर नसेल? समजा, दोन्ही बाजू अगदी तुल्यबळ आहेत आणि प्रत्येक सामन्याचा निकाल नाणेफेकीसारखा लागतो. मग पश्चिमेच्या वाट्याला २२५ च्या आगेमागे विजय यायला हवेत, आणि तीनपैकी दोन वेळा तरी हा फरक दहा-अकराच्या आतच राहील. २८४ हा आकडा तिथून ५९ नं पुढे आहे. साडेचारशे नाणी उडवण्याचा खेळ कोटी वेळा खेळलात, तरी एवढी मजल एकदाही गाठली जाण्याची आशा धरू नये. याउलट २००८-०९ मध्ये पूर्वेनं २३१-२१९ अशी आघाडी घेतली होती. तो फरक नाण्यांनीही सहज दाखवला असता. त्या वर्षी दोघी बरोबरीच्या होत्या, एवढंच म्हणणं रास्त.

दुबळ्या कॉन्फरन्समध्ये राहण्याचा आणखी एक फायदा असतो. तुमचे ५२ सामने दुबळ्यांशी होतात आणि बलवानांशी फक्त ३०. २०१३-१४ चे आकडे धरून हिशेब केला, तर पश्चिमेचा सरासरी संघ होता तसाच उचलून पूर्वेत नेऊन ठेवला असता, तर केवळ वेळापत्रकामुळे त्याला जवळपास तीन विजय जास्त मिळाले असते. म्हणजे हॉक्सच्या ३८ विजयांतही पूर्वेतल्या सोप्या वेळापत्रकाचा हातभार होता.

१९९९-२००० पासून २०१३-१४ पर्यंतच्या पंधरा हंगामांत पूर्वेची सरशी झाली ती फक्त त्या २००८-०९ मध्ये. असमतोल इतका का टिकला? थोडा दैवाचा खेळ होता. १९९६ मध्ये शकील ओनील पूर्वेतलं ऑर्लँडो सोडून पश्चिमेतल्या लॉस एंजेलिस लेकर्सकडे गेला. त्याच उन्हाळ्यात नव्या खेळाडूंच्या निवडीत पूर्वेतल्या शार्लटनं घेतलेला कोबी ब्रायंट अदलाबदलीत लेकर्सनाच मिळाला. १९९७ मध्ये टिम डंकन मिळण्याची सर्वांत जास्त शक्यता बोस्टनला होती, पण पहिल्या निवडीची लॉटरी लागली पश्चिमेतल्या सॅन अँटोनियोला. १९९८ मध्ये मिलवॉकीनं निवडलेला डर्क नोवित्स्की निवडीच्या दिवशीच डॅलसकडे वळला. पूर्वेला सहा विजेतेपदं मिळवून देणारा जॉर्डनही त्याच वर्षी शिकागोसाठी शेवटचा सामना खेळला. पुढे २००७ मध्ये केव्हिन गार्नेट आणि रे ॲलन पश्चिमेतून बोस्टनला आले, बोस्टननं २००८ चं विजेतेपद जिंकलं आणि पूर्वेचं पारडं काही काळ सावरलं.

नियमांचाही हात आहेच. नव्या खेळाडूंच्या निवडीत बाद फेरी हुकलेल्यांची पाळी आधी येते. म्हणून २०१४ मध्ये ४८ विजयांच्या सन्सना चौदावी निवड मिळाली आणि ३८ विजयांच्या हॉक्सना पंधरावी. दुबळ्यांना आधार म्हणून केलेल्या नियमानं दहा विजय जास्त असलेल्या संघाला पुढे बसवलं. बलवान कॉन्फरन्स बलवान राहायला अशीही मदत होते.

आता गंमत पाहा. सरासरी बलवान असली म्हणून प्रत्येक झुंज जिंकता येते असं मुळीच नाही. २००४ मध्येही पश्चिमेचंच पारडं जड होतं. अंतिम मालिकेत ओनील, ब्रायंट, कार्ल मलोन आणि गॅरी पेटन असे चौघे मातब्बर घेऊन लेकर्स उतरले, आणि पूर्वेच्या डेट्रॉइट पिस्टन्सनी त्यांना ४-१ असं लोळवलं. मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला चॉन्सी बिलप्स. १९९७ मध्ये डंकन हुकल्यावर बोस्टननं तिसऱ्या क्रमांकावर घेतलेला आणि थोड्याच महिन्यांत सोडून दिलेला हाच तो बिलप्स. कॉन्फरन्सची ताकद पंधरा संघांची मिळून ठरते, विजेतेपद मात्र एकच संघ जिंकतो. एका उत्तुंग शिखरावरून सगळ्या पठाराची उंची सांगता येत नाही, आणि पठाराच्या उंचीवरून शिखराचीही नाही.

म्हणून पुढच्या हंगामात गुणतालिका उघडाल तेव्हा एकूण विजयांच्या रकान्यावर थांबू नका. दुसऱ्या कॉन्फरन्सविरुद्धच्या कामगिरीचा रकाना शोधा, एका कॉन्फरन्सच्या पंधरा संघांचे विजय एकाखाली एक मांडा आणि बेरीज करा. बेरीज २२५ च्या दहा-अकरा अलीकडे-पलीकडे आली, तर कोण वरचढ या वादात दोन्ही बाजूंना दमानं घ्यायला सांगा. ती २५० च्या पुढे गेली, तर त्या कॉन्फरन्समधला जो संघ आठांत बसला नाही त्याच्याकडेही आदरानं पाहा. कदाचित तो पलीकडच्या तिसऱ्या क्रमांकाच्या तोडीचा असेल.